दार नसलेला कूलर

जितेंद्र पाटलांना निसर्गाचा पुळका आला तो फेब्रुवारीत, म्हणजे कूलरच्या हंगामाच्या तोंडावर. जळगावच्या एमआयडीसीत त्यांचा कूलरचा कारखाना होता. त्यांचे पत्र्याचे कूलर दिसायला कपाटासारखे आणि आवाजाला पिठाच्या गिरणीसारखे, पण हवा अशी फेकत की मे महिन्यात माणूस दुपारी पांघरूण मागे. दोष एकच, ते मरत नसत. मोटर गेली की लोक बाजारातून दुसरी आणून बसवत, गवत बदलत, पत्र्याला रंग मारत आणि लेकीच्या लग्नात तोच कूलर मांडवात लावत. एकदा गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवत नसे, आणि हे जितेंद्ररावांना फार लागे. आपल्याला कुणी विसरलं तर वाईट वाटायचंच.

त्यातच एका वितरकाने सांगितलं की शहरातली तरुण मंडळी हल्ली हिरवं पान असलेली वस्तू मागतात. जितेंद्ररावांनी लगेच धुळ्याच्या ऋतिका देवरेला नोकरीवर घेतलं. ती अहमदाबादेत डिझाइन शिकून आली होती आणि वस्तू कुठून येते, शेवटी कुठे जाते, असले प्रश्न विचारायची तिला सवय होती. सुरुवातीला जितेंद्ररावांना त्याचं कौतुक वाटलं.

ऋतिकाने मन लावून काम केलं. शेतात निकामी होऊन पडलेल्या ठिबकच्या नळ्या वितळवून कूलरचं अंग बनवायचं, असं तिने ठरवलं. चित्र काढलं, नमुना केला. मागच्या बाजूला एक दार ठेवलं, साध्या स्क्रूचं. खानदेशच्या खाऱ्या पाण्याने मोटर दोन उन्हाळ्यांत जाम होते हे तिला घरच्या अनुभवावरून ठाऊक होतं. दार उघडायचं, मोटर बदलायची, झालं.

जितेंद्ररावांनी नमुन्याभोवती फेरी मारली. नळ्यांची कल्पना त्यांना इतकी आवडली की दुपारपर्यंत ती त्यांचीच झाली. दारापाशी मात्र ते थांबले.

"हे कशाला?"

"मोटर बदलायला, सर. नाहीतर मोटरसाठी अख्खा कूलर फेकावा लागेल."

"मग फेकतील ना. फेकल्याशिवाय नवा कसा घेतील?"

ऋतिकाने समजावून पाहिलं. जुनं प्लास्टिक वाचवून नव्या कचऱ्याची सोय करण्यात काय अर्थ आहे, असं तिने विचारलं. जितेंद्ररावांनी तिला वडीलधाऱ्या मायेने सांगितलं की पर्यावरण सांभाळायचं तर आधी कारखाना जगला पाहिजे. दार गेलं. मागची बाजू डिंकाने आणि रबराने कायमची चिकटवली. कूलरचं नाव ठेवलं 'हरितसखा', आणि पुढे तळहाताएवढं हिरवं पान छापलं.

हरितसखा धडाक्यात खपला. एका वर्तमानपत्राने जितेंद्ररावांचा फोटो छापला, त्यात ते ठिबकची नळी गळ्यात घालून उभे होते. पहिला कूलर त्यांनी चोपड्याजवळच्या गावी आईकडे पाठवला. झुंबरबाईंनी तो ओटीवर ठेवला आणि त्यावर पानाचा डबा ठेवायला जागा बरी आहे, असं कळवलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात मोटरी बंद पडू लागल्या. कारखान्यात फोन आले. दुरुस्ती होत नाही, जुना आणा आणि सवलतीत नवा न्या, हे उत्तर ऑफिसातल्या मुलींना पाठ झालं. काहींनी नवा नेला. बाकीच्यांनी कपाळाला हात लावला.

त्याच दिवसांत जितेंद्रराव एका लग्नाला दोंडाईच्याला गेले. स्टेशनजवळ त्यांना रस्त्याकडेला आपलं हिरवं पान दिसलं, मग आणखी एक, मग रांगच. भंगारवाल्याने हरितसखा घ्यायला नकार दिला होता. प्लास्टिकला रबर, रबराला डिंक, आत लोखंड. वेगळं करायला बसावं तर दिवस जातो, आणि वेगळं न करता वितळत नाही, असं तो म्हणाला. लोकांनी मग कूलर तिथेच टाकले होते. एकात बकऱ्या चारा खात होत्या, एकात कोंबडी बसली होती.

ऋतिकाने हे पाहिलं असतं तर तिला रडू आलं असतं. जितेंद्ररावांनी गाडी थांबवली, बकऱ्यांचा फोटो काढला आणि कंपनीच्या फेसबुक पेजवर टाकला. खाली लिहिलं, 'हरितसखा: निवृत्तीनंतरही निसर्गाच्या सेवेत.' लोकांनी भरभरून अंगठे दिले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते गावी गेले. बहिणी माहेरी आल्या होत्या, निंबाला झोका बांधला होता, घरात पुरणाचा वास होता. ओटीवर गार हवा येत होती. जितेंद्ररावांना अभिमान वाटला. मग त्यांनी कूलरची मागची बाजू पाहिली.

तिथे वेडंवाकडं भोक होतं, मांजर आरपार जाईल एवढं. आत बाजारातली साधी मोटर परकराच्या नाडीने बांधली होती. भोकावर पोत्याचा तुकडा लावला होता. केळीचे घड उतरवायच्या कोयत्याने झुंबरबाईंनी स्वतः हे केलं होतं. पहिल्या घावाला कोयता निसटून पायरीवर आपटला, दुसऱ्याला नुसतं रबर फाटलं, मग त्यांना राग आला आणि बाकीचं रागानेच पार पडलं, असं बहिणींनी हसत हसत सांगितलं. ते पाहून गल्लीतल्या बायाही आपापले हरितसखा घेऊन आल्या होत्या.

जितेंद्रराव म्हणाले की आता कंपनीची हमी गेली.

झुंबरबाई पोळी लाटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मोटर बिघडनी ते बठ्ठा कूलर फेकी देवाना का? मना लगीनना हंडा आजून शे. कोनी बनाडा रे हाऊ कूलर?"

कुणी बनवला हे ओटीवर सगळ्यांनाच माहीत होतं. धाकटी बहीण तोंडाला पदर लावून आत गेली. जितेंद्ररावांनी दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या, कारण खाताना बोलावं लागत नाही. दुपारी त्याच गार हवेत ते आडवे झाले, पण झोप येईना. त्यांना थोडी लाज वाटत होती. लाज उतरता उतरता तिच्या जागी एक विचार आला. गल्लीतल्या इतक्या बाया ज्या भोकासाठी कोयता उचलतात, ते भोक विकत घ्यायलाही तयार होतील.

जळगावला आल्यावर त्यांनी ऋतिकाला बोलावलं आणि जुनं चित्र काढायला सांगितलं. दार परत येतंय म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. आठवडाभर ती उत्साहाने राबली. मग जितेंद्ररावांनी एक लहानसा बदल सुचवला. दाराला साधे स्क्रू नकोत, पंचकोनी डोक्याचे हवेत, आणि त्यांची चावी फक्त कंपनीच्या माणसाकडे.

ऋतिकाने हातातला स्क्रू टेबलावर ठेवला.

"सर, हे दार नाही, कुलूप आहे," ती म्हणाली, आणि महिनाअखेरीस नोकरी सोडून धुळ्याला गेली. जितेंद्ररावांना खरंच वाईट वाटलं. हल्लीच्या मुलांना बदल पचत नाही, असं त्यांनी घरी बोलून दाखवलं.

'हरितसखा दार' जास्त किमतीला आला आणि जास्त खपला. उद्योजकांच्या मेळाव्यात जितेंद्ररावांना शाल मिळाली. दुरुस्त होणारी वस्तू हाच खरा निसर्गधर्म, असं ते भाषणात म्हणाले. प्रेक्षकांतून एकाने उठून आधीच्या बिनदाराच्या कूलरांचं काय, असं विचारलं. ते जनजागृतीसाठी होते, असं जितेंद्ररावांनी सांगितलं, आणि सूत्रसंचालकाने जेवण तयार असल्याचं जाहीर केलं.

पुढच्या चैत्रात धुळ्याहून बातमी आली. ऋतिकाने पारोळा रोडवर एक गाळा घेतला होता. लोक जुने हरितसखा घेऊन येत, ती मागे नीट चौकोन कापून दार बसवून देई. साधे स्क्रू. दोंडाईच्याच्या रांगेतले कूलरही टेम्पोत भरून तिने नेले होते, म्हणजे बकऱ्यांचे तेवढे हाल झाले.

जितेंद्रराव तडक आपल्या वकिलाकडे, प्रेमराज महाजनांकडे गेले. कंपनीच्या मूळ डिझाइनमध्ये फेरफार केल्याची नोटीस पाठवा, म्हणाले.

महाजनांनी चष्मा काढला. "मूळ डिझाइन कुणी काढलेलं?"

"तिनेच."

"त्यात दार होतं?"

"होतं."

"काढलं कुणी?"

महाजन हसले नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि सांगितलं की अशी नोटीस पाठवायचीच असेल तर ती तुमच्या कारखान्याच्याच पत्त्यावर पाठवावी लागेल. जितेंद्ररावांनी चहा संपवला, पाठवूच नका म्हणाले, आणि गाडीत बसून काचा वर केल्या.