शेवंतीची उलटी पट्टी

बन्सीधरांचं पत्र माझ्याकडे अकरा वर्षं उत्तरावाचून पडून होतं. एकोणपन्नासच्या जानेवारीत ते हैदराबादहून आलं. चारच ओळी होत्या. "नर्मदा दिवाळीत गेली. तुमच्या बैठकीत तिनं चिकटवलेला कागद अजून आहे ना? ती उलटी पट्टी एकदा डोळ्यांनी बघावी म्हणतो. कळवा, म्हणजे येतो."

मी कळवलं नाही. पत्र येण्याआधी चार महिने मी त्या कागदावर चुना मारला होता.

बन्सीधर पाथरीला आमच्या घरात सात वर्षं भाड्यानं राहिले, मग हैदराबादला गेले. इथं असताना त्यांनी हैदराबादहून भिंतीला लावायच्या पिवळ्या कागदाच्या गुंडाळ्या आणल्या. त्यावर पांढरी शेवंती. त्यांच्या बायकोनं, नर्मदावहिनींनी, खळ शिजवली आणि आमची बैठक फुलवून टाकली. खिडकीजवळची एक पट्टी मात्र उलटी लागली. देठ वर, फुलं खाली. आम्ही हसलो, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या, तेवढीच माझी सही."

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य पाच दिवसांत बुडालं. सहाव्या दिवशी शेजारचे माणिकराव आले. आठवड्यापूर्वीपर्यंत ते तहसीलदाराच्या घरी तूप पोचवत. आता डोक्यावर खादीची टोपी होती. नवीच, म्हणून कानांवर येत होती.

"मास्तर, घरात निजामाचं निशाण लावून बसलाव?"

"कुठं?"

"हे काय मग? पिवळ्यावर पांढरा गोल! कुलचा हाय ह्यो."

निजामाच्या पिवळ्या झेंड्यावर मधोमध पांढरा गोल असे. लोक त्याला कुलचा म्हणत.

"शेवंती आहे, माणिकराव. देठ बघा."

"देठाकडं कोन बघायलंय? एका भिंतीवर दोनशे निजाम हायेत तुमच्या!"

वनस्पतींचं पुस्तक काढून त्यांना शेवंती दाखवावी, असं मनात आलं. पण पुस्तक उर्दूत होतं. शिवाय इतक्या खात्रीनं बोलणारा माणूस चुकत असेल, असं मला कधी वाटतच नाही. दुसऱ्या दिवशी चुना भिजवला.

"नर्मदाबाईला काय सांगताल?" माझी बायको पार्वती म्हणाली.

"त्या कुठं बघायला येतायत?" मी म्हणालो. या वाक्यानं पुढं मला फार छळलं.

कागद चुना धरीना. वाळला की फुगे येत, मग पापुद्रे, आणि फुलं पुन्हा बाहेर. छप्पन्न साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हा माणिकराव म्हणाले, "नव्या राज्यात तरी कुलचा नको." मी दुसरा हात दिला. दर दिवाळीला उत्तर लिहायला बसायचो. "कागद" हा शब्द आला, की दौत बंद करायचो.

यंदा मे महिन्यात महाराष्ट्र झाला. माणिकराव आता उत्सव समितीचे अध्यक्ष. ते आमंत्रण घेऊन आले, तेव्हा खिडकीजवळचा चुना उन्हानं गळून हातभर उलटी पट्टी उघडी पडली होती. घरात चुना शिल्लक आहे का, ते आठवेना. माणिकराव चष्मा लावून वाकले.

"वा! शेवंती हाय न्हवं ही? लय जुनं काम. असलं आता मिळत न्हाई. ह्याच्यावर चुना कोन्या येड्यानं मारला?"

"मीच."

"मास्तर, शिकलेली मानसं तुमी. तुमीच जुनं जपलं न्हाई तर कोन जपंल?"

स्वयंपाकघरात भांडं आपटलं. ते गेल्यावर पार्वती उलथनं घेऊन आली आणि पट्टी हलक्या हातानं खरवडू लागली.

"अवो, आता तरी लिवा. का अजून एका राज्याची वाट बघायलाव?"

मी लिहिलं. "कागद आहे. त्यावर मी दोनदा चुना मारला. सांगणारे माणिकराव, पण भीती माझी आणि हातही माझाच. उलटी पट्टी पार्वतीनं मोकळी केली आहे. एक कोपरा फाटला. तुम्ही आहात की नाही, हेसुद्धा मी अकरा वर्षांत विचारलं नाही. असाल तर या."

पोस्टाच्या पेटीत पाकीट अर्धं घातलं, पण बोटं सुटेनात. मजकूर पुन्हा एकदा वाचून बघावा, असं वाटलं.

"सोडा," मागून पार्वती म्हणाली.

सोडलं.