दहा सोडून माप

मित्रांनो, माझे टोक तुटलेले आहे, हे आधीच सांगतो. मी नळजोडणीच्या कामातला पाच मीटरचा एक जुना मापाचा टेप. अमरावतीच्या देवमन मिस्त्रींच्या कमरेला मी एकोणीस वर्षे होतो.

एकदा मी स्लॅबवरून पडलो आणि टोकाची कडी तुटली. मिस्त्रींनी मला टाकले नाही. त्यांचे जोडीदार चंद्रभानकाका भिंतीला माझी दहा सेंटिमीटरची खूण लावत. मिस्त्री दुसऱ्या बाजूला माप वाचत आणि त्यातून दहा वजा करत. बोलावे कोणालाच लागत नसे. देवमनचे माप म्हणजे माप, असे लोक म्हणत. ते ऐकून मला बरे वाटे.

गेल्या पौषात मिस्त्री वारले. धारणीच्या मुलींच्या वसतिगृहाचे काम अर्धवट होते. ते त्यांच्या मुलीने, वर्षालीने, हाती घेतले. अठरा न्हाणीघरे होती आणि शाळा उघडायला दीड महिना.

"काका, नांदगाव पेठच्या शेडमधी एकेका न्हाणीघराचे पाइपांचे सांगाडे जोडूनच नेऊ. धारणीले माणसं टिकत नाहीत."

"जागेवर चुकलं त कापता येते, पोरी. गाडी घाट चढून गेल्यावर चुकलं, त म्या काय भिंत सरकवू?"

"मापच चुकू द्याचं नाही मंग."

धारणीला काकांनी सवयीने दहाची खूण भिंतीला धरली. वर्षालीने माप वाचले आणि तसेच वहीत लिहिले. मी हादरलो. काकांना वाटले, बापाची रीत हिला ठाऊकच असणार. तिला ती ठाऊक नव्हती. अठरा खोल्यांत मी त्या दोघांच्या मध्ये ताणलेला होतो आणि मला बोलता येत नव्हते.

शेडमध्ये मी मशीनशेजारी पडून होतो. एकदा जोड चिकटले की ते सुटत नाहीत, हे मला माहीत होते.

"मॅडम, मशीन लावलीच आहे त अठराई कापून टाकतो," शेडमालक म्हणाला.

वर्षाली वहीकडे पाहत राहिली.

"काका, मले भेव वाटते. आधी एकच बनवू. तिथं बसवून पाहू."

"जो भेते तोच मिस्त्री होते," काका म्हणाले.

तो सांगाडा धारणीच्या दोन भिंतींमध्ये शिरेना. बरोबर दहा सेंटिमीटर लांब होता.

"दहा सोडले होते ना तू?" काकांनी विचारले.

"कोणते दहा?"

काकांनी माझे तुटके टोक तिच्यासमोर धरले. "देवमनले कधी सांगा लागलं नाही. म्हणून तुलेई सांगतलं नाही."

वर्षालीने वही उघडली आणि प्रत्येक मापातून दहा वजा केले. पुढचे अठरा सांगाडे नीट बसले. पहिला वाया गेला.

मित्रांनो, जुनी वस्तू खुशाल वापरा, पण तिच्यात काय मोडले आहे ते तिच्यावर लिहून ठेवा. आणि घरातल्या जाणत्या माणसाला त्याची रीत विचारून घ्या. सवडीने नको. तो समोर बसून चहा पीत आहे, तेव्हाच विचारा.