माझी तार जोडू नका

मी एक जुना भोंगा आहे. कागदोपत्री मला ध्वनिक्षेपक म्हणतात. पण त्या नावाने कोणी हाक मारली, तर मी ओ देणार नाही. मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कारखान्यात पत्रा ठोकून, रंग देऊन मला घडवलं आणि सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात टांगलं. "आवाज काय खणखणीत आहे!" असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी फुशारून गेलो. पण माझं दुखणं असं, की आवाज माझा आणि शब्द दुसऱ्याचे. माइकपाशी नावं पुकारणारे काका बसतात. ते बोलतील ते मी गावभर करायचं.

एके दिवशी शिलाईताई आल्या. बाजारामागच्या गल्लीत त्या बायकांचे कपडे शिवतात. जन्मल्यावर लोकांनी त्यांना मुलगा ठरवलं; त्या मात्र बाईच होत्या आणि बाई म्हणूनच जगतात. एवढ्यासाठी घरच्यांनी त्यांना दाराबाहेर काढलं. त्यांच्यासोबत राहणाऱ्या माणसाला एचआयव्हीची लागण झाल्याचं निघालं, म्हणून त्यांनाही तपासणी करायची होती. हे वेळेत कळलं तर गोळ्या घेऊन माणूस धडधाकट जगतो, मित्रांनो. उशीर झाला तर जिवावर बेततं.

काकांनी कार्ड उचललं. त्यावर बापाने ठेवलेलं पुरुषी नाव. ते त्यांनी माझ्या तोंडून दणक्यात पुकारलं. शिलाईताई उठल्या आणि सगळा व्हरांडा वळून बघू लागला. काकांचा माइक चालूच होता. "अरेच्चा! हा बुवा आहे की बाई?" आणि हेही मीच बोललो! लोक खो खो हसले. बाकावरच्या बाया अंग चोरून सरकल्या. त्यातल्या एकीच्या अंगावरचा झगा शिलाईताईंनीच शिवलेला होता. ताई तपासणी न करताच निघून गेल्या.

त्या पुन्हा आल्या. या खेपेला नाव पुकारलं तरी जागच्या हलल्या नाहीत. उठलं तर तमाशा, न उठलं तर नंबर गेला. काकांनी कार्ड बाजूला टाकलं. "गैरहजर!" पुढच्या वेळीही तेच. त्यावर डॉक्टरांची टकळी चालूच, "ही माणसं येतच नाहीत हो. स्वतःच्या जिवाची पर्वा म्हणून नाही." अहो, येत नाहीत कशा? तुमच्या नाकासमोर बाकावर बसल्यात! मी ओरडून सांगितलं असतं, पण मला ओरडायलाही काकाच लागतात. नुसता चरफडत राहायचो, दुसरं काय.

शेवटी एका उंदराने माझी तार कुरतडली. देव त्याचं भलं करो. मी मुका झालो आणि काका म्हणाले, "मी नाही घसा फोडणार." मग नर्सबाईंना बाहेर यावं लागलं. त्या एकेकापाशी जाऊन विचारू लागल्या. शिलाईताईंपाशी वाकून हळूच म्हणाल्या, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" ताईंनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, आणि येण्याचं कारणही नव्हतं. त्या आत गेल्या. तपासणीत काय निघालं ते मला ठाऊक नाही. तुम्हीही विचारू नका. पण तेव्हापासून त्या नेमाने येतात.

आणि आज बघा, कारागीर शिडी घेऊन हजर! "चला, एकदाचा भोंगा बोलता होणार," काका खूश. इतकी वर्षं गंजत होतो तेव्हा कोणी साधं फडकं मारलं नाही, आता एकदम माया उतू चालली आहे. खाली शिलाईताई बसल्या आहेत. त्यांनी शिडीकडे पाहिलं आणि पिशवी काखोटीला मारली.

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणतो, मला खुशाल गंजू द्या. तार जोडायचीच असेल तर जोडा बापडे, पण आधी काकांना नर्सबाईंसारखं विचारायला शिकवा. आणि जरा घाई करा. ताई दारापर्यंत पोहोचल्या आहेत.