पाठीवरचं पीक

हिंगोलीकडच्या गोरेगावजवळच्या बंजारा तांड्यावर कुणाच्या चुलीतून अवेळी धूर निघाला, की घरात कोण पाहुणा आलाय आणि काय मागायला आलाय, हे भिकाबाईला त्या घरच्या कुत्र्याआधी कळायचं. माणूस किती हसला यापेक्षा हसून झाल्यावर काय बोलला, ते ती ध्यानात ठेवायची. अशा बाईच्या पोटच्या पोराच्या तोंडावर मुरूम उठावेत आणि तिलाच कारण सापडू नये, म्हणजे जमादाराच्याच घरात चोरी झाली.

जगन तिचा धाकटा. पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे फुलसिंगच्या मैदानावर धावायला, लोखंडी गोळा फेकायला जायचा, फुगलेल्या दंडांनी परत यायचा. फुलसिंग तांड्यातलाच, स्वतः भरतीत मागे राहिलेला आणि आता दुसऱ्यांना पुढं काढणारा.

तिचा पहिला संशय पोरीवर गेला. पण जगनचा मोबाईल दिवसभर खाटेवर उघडा पडलेला असे, आणि पोरगी असलेला मोबाईल असा पडत नाही, एवढं तिला कळत होतं. मग बाजारातल्या भज्यांवर संशय आला. भजी बंद झाली, मुरूम वाढले. मेडिकलवाल्याने दिलेल्या मलमाने तोंड आठवडाभर गोरंगोमटं झालं आणि मलम संपताच दुपटीनं उठून आलं. तेव्हा तिने मेडिकलवाल्यालाही संशयितांत घातलं. शेवटी घरची हळद थापली. पोरगं नवरदेवासारखं पिवळं झालं, मुरूम मात्र लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखे हलेचनात.

खरी ठिणगी पडली ती धुण्यात. जगनच्या बनियनवर पाठीकडून रक्ताचे बारीक ठिपके होते. मग तिच्या ध्यानात आलं, पोरगं हल्ली हातपंपावर बनियन घालूनच अंघोळ करतं. त्या दिवशी तो वाकलेला असताना तिने मागून बनियन वर ओढलं. खांद्यांपासून कमरेपर्यंत लाल पुटकुळ्या दाटून आल्या होत्या.

"उद्या हिंगोलीला जायचं," ती म्हणाली.

जगन नको म्हणाला. सराव बुडेल, पैसे जातील, आपोआप जाईल. एका मुरमापायी आरसा झिजवणारा पोरगा डॉक्टरला नको म्हणतो, इथंच तिच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी तिने त्याला जीपमध्ये खिडकीकडे बसवलं आणि स्वतः दाराकडे बसली. सेनगावला उतरून पळाला असता, तर तिच्या मांडीवरून.

कातडीची डॉक्टरीण वयाने लहानच होती. भिकाबाईने बसायच्या आधीच निदान सांगून टाकलं: पोराचं रक्त खराब झालंय, रक्त साफ करायचं औषध द्या. डॉक्टरीण हसली. रक्ताचा काही संबंध नाही, म्हणाली. कातडीखाली तेलाच्या बारीक पिशव्या असतात. या वयात त्या जास्त तेल सोडतात, वरचं छिद्र बुजतं, आत कोंडलेल्या तेलात जंतू वाढतात आणि फोड येतो. मळामुळे नाही, उष्णतेमुळे नाही, पोराच्या चालचलणुकीमुळे तर नाहीच. हे शेवटचं ऐकून भिकाबाईला बाई जरा भोळी वाटली.

मग डॉक्टरणीने पाठ पाहिली आणि तिचं हसू गेलं.

"साधे मुरूम मागंपुढं येतात. एक काळा, एक पिकलेला, एक वाळलेला. हे सगळे एकाच वयाचे आहेत."

भिकाबाईचे हात मांडीवर थांबले. आपसूक उगवलेलं गवत लहानमोठं असतं, हे काय तिला कुणी सांगायला हवं होतं? एकसारखं वर येतं ते कुणीतरी पेरलेलं असतं.

"जगन, काय घेतोस? खरं सांग," डॉक्टरणीने विचारलं.

"पावडर हाय फक्त. दुधात टाकून पेतो."

"सुया? अंग फुगवायच्या?"

"न्हाई."

न्हाई म्हणताना पोराने डॉक्टरणीकडे नाही, आईकडे पाहिलं. भिकाबाईला चोर सापडला. बापाची आन घातली असती तर तिथंच सगळं बाहेर पडलं असतं. किंवा आणखी एक खोटं पडलं असतं, आणि याचीच शक्यता जास्त होती. पोरगं तिच्यासमोर खोटंच बोलणार, आणि खोटं सांगितलं की औषधही खोट्याचंच मिळणार. तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. सापडलेला चोर सोडला.

"मी भाईर बसते," ती म्हणाली. "मला इथं गरम होऊन राहिलं."

दार लागलं. तिने कान लावला, पण आतल्या पंख्याने दावा साधला. बराच वेळ कुणी बाहेर येईना, तेव्हा डॉक्टरणीवरही तिचा संशय जाऊन आला.

जगन बाहेर आला तो मान खाली घालून. रक्त तपासायला दिलं होतं, काळजाकरता. लिव्हर म्हणतात त्याला. रात्री लावायचं मलम होतं, गोळ्या होत्या. फोडायचे नाहीत, दोन-तीन महिने धीर धरायचा.

जिना उतरताना तो आईकडे वळून थांबला. "याडी, सुया हायत. फुलसिंगभाऊ मैदानावर पिशवीतून काढून देतेत. त्या बंद केल्याबिगर मलम काहीच करणार न्हाई, डॉक्टरीण म्हणली."

"सुयांनी गोळा लांब गेला?"

"गेला."

तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

"बंद करून भरतीत मागं पडलो तर?" त्याने विचारलं.

तिने औषधांची चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली. "उद्या मैदानावर मी येते," एवढंच म्हणाली.

"माझ्यावर पाळत ठेवाया?"

"तुझ्यावर काहून? फुलसिंगवर."

पहाटे ती मैदानाच्या बांधावर फुलसिंगच्या पिशवीशेजारी जाऊन बसली. फुलसिंगने हसून विचारलं, काकी, आज इकडं कशा? ती म्हणाली, तू स्वतः गोळा किती लांब फेकतोस ते पाहायला आले. फुलसिंगचं हसू विझलं. पिशवीकडे त्याने दोनदा पाहिलं, पण हात घातला नाही.

जगनने सुई न घेताच गोळा फेकला. तो मागच्या खुणेच्या बराच अलीकडे पडला. पोरं हसली. जगनने आईकडे पाहिलं नाही. तो गेला, गोळा उचलला, आणि पुन्हा रेषेवर येऊन उभा राहिला.