पान बारावरचा पीळ

मशीन बंद पडलं तेव्हा घरात आप्पांशिवाय कोणी नव्हतं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

आप्पा चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासत आले होते. निसटलेला अनुस्वार त्यांना दहा पावलांवरून दिसायचा, पण घरातला बल्ब बदलायची वेळ आली की ते हळूच दुसऱ्या खोलीत जायचे. पत्नी गेल्यावर, म्हणजे गेली तीन वर्षं, ते मुलाकडे राहत होते. नुसतं बसून खायला नको म्हणून रोज सकाळी दहा वाजता घरभर व्हॅक्युम क्लीनर फिरवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. मशीन उभ्या धाटणीचं होतं. दांडा धरून पुढे ढकलायचं, खाली ब्रश गरगर फिरतो, गालिच्यातली धूळ उठते आणि मधल्या पारदर्शक डब्यात जाऊन बसते. हल्ली मात्र ते ढकलताना आप्पांना धाप लागायची. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून ते मध्ये दोनदा खुर्चीवर टेकायचे.

आदल्या दिवशी, रविवारी, सुनेने त्यांच्या खोलीत पुस्तकांसाठी एक लांबलचक फळी बसवून दिली होती. सून लिफ्ट दुरुस्त करणारी होती. उंच इमारतींच्या पोकळीत दोरांवर भरवसा ठेवून काम करणाऱ्या बाईला एक फळी म्हणजे किस झाड की पत्ती! अर्ध्या तासात सहा भोकं पाडून ती मोकळी झाली. "धूळ मी काढते," ती म्हणाली. "राहू दे, बघतो मी," आप्पा म्हणाले. संभाषण तिथेच संपलं.

दोघांत वाकडं काहीच नव्हतं, पण शब्द खर्च करायची सवय दोघांनाही नव्हती. इतके दिवस मुलगाच मधला पोस्टमन होता. 'आप्पांना विचार, नवा चष्मा जमतोय का.' 'तिला सांग, दूध मी आणतो.' तो दीड महिन्यासाठी कामानिमित्त परगावी गेला आणि टपाल थंडावलं. आता 'चहा ठेवलाय' आणि 'किल्ली घेतलीय' एवढ्यावर दिवस निघत होते.

तर सोमवारी आप्पांनी ती भिंतीची धूळ मशीनने ओढली. धूळ पिठासारखी बारीक होती. दोन मिनिटांत मशीनचा आवाज नाक चोंदल्यासारखा झाला. आप्पांनी डबा उघडला, आतला स्पंजाचा फिल्टर पांढराफटक पडलेला पाहिला, नळाखाली धरून स्वच्छ धुतला, दाबून पिळला आणि तसाच परत बसवून बटण दाबलं. मशीन घरघरलं, कण्हलं, गरम इस्त्रीसारखा वास सुटला आणि सगळं शांत झालं.

आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. प्लग तेवढा त्यांनी लगेच काढला.

मग ते आपल्या मार्गाने गेले. ड्रॉवरमधून मशीनची माहितीपुस्तिका काढली, चष्मा पुसला आणि हाताला सवय होती म्हणून लाल पेनही घेतलं. पाचव्या पानापर्यंत चार चुका सापडल्या. नवव्या पानावर ठळक अक्षरांत होतं : धुतलेला फिल्टर चोवीस तास वाळवल्याशिवाय बसवू नये. आप्पांनी ते वाक्य दोनदा वाचलं. त्यात एकही चूक नव्हती. बाराव्या पानावर मजकूर सांगत होता की रबरी पट्टा 'पीळ न देता' चढवावा, आणि खालच्या चित्रात पट्ट्याला पीळ पडून इंग्रजी आठचा आकडा झालेला. समासात त्यांनी लाल प्रश्नचिन्ह टाकलं. छापखान्यात अशी शंका मालकाला विचारायची असते, पण इथे मालक कोण?

फिल्टर खिडकीत वाळत घातला. पण तेवढ्यावर थांबले असते तर ते आप्पा कसले! 'महिन्यातून एकदा ब्रश साफ करावा' हे वाक्य डोळ्यांत रुतून बसलं होतं, आणि तीन वर्षांत तो एकदाही उघडल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, मशीन उताणं झोपवलं, चार स्क्रू काढून चार वाट्यांत ठेवले आणि तळाचं झाकण उचललं. आत ब्रशचा रोलर केस आणि दोऱ्यांनी असा गुरफटला होता की ब्रश दिसतच नव्हता. आप्पा नखं कापायची छोटी कात्री घेऊन बसले आणि एकेक दोरा, एकेक केस सोडवू लागले. काम त्यांच्या स्वभावाचं होतं. त्यांच्या राखाडी स्वेटरची लोकर निघाली, सुनेचे लांब केस निघाले, मुलाच्या बुटाची नाडी निघाली. ते रंगात आले. तेवढ्यात कात्रीखाली काहीतरी जाड लागलं आणि टच्‌कन तुटलं.

तो रबरी पट्टा होता. बेल्ट.

"झालं!" आप्पा रिकाम्या घराला म्हणाले.

तुटलेला बेल्ट पाकिटात घालून ते पार्ट्सच्या दुकानात गेले. दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. भिंतभर लहान लहान खण आणि मध्ये स्टुलावर डुलकी घेणारा पार्ट्सवाला. त्याने बेल्ट ताणला, आतल्या बाजूला बोट फिरवलं.

"हा कापलाय कुणी?"

"मीच," आप्पा म्हणाले.

"चांगलं केलंत. आतून बघा, काचेसारखा गुळगुळीत झालाय. हा घसरतच असणार. मशीन ढकलायला जड जात असेल."

"जातं ना."

पार्ट्सवाल्याने एक खण उघडला, तो रिकामा होता. मग त्याने कपाळावर हात मारला. "या मापाचा शेवटचा परवाच गेला की! एक लिफ्टवाल्या ताई येतात, त्यांनी नेला. त्या म्हणाल्या, सासऱ्यांना धाप लागते, त्यांच्या लक्षात नाही येत, पण आवाजावरून कळतं की बेल्ट गेलाय."

आप्पांनी तुटलेला बेल्ट परत पाकिटात घातला.

"तुम्ही थांबता का? पुढच्या आठवड्यात माल येईल," पार्ट्सवाला म्हणाला.

"नको," आप्पा म्हणाले. "मला वाटतं, तो आमच्याच घरी गेलाय."

परतीच्या वाटेवर त्यांनी कबुलीजबाबाची तीन वाक्यं तयार केली, त्यातलं एक खोडलं, आणि साडेपाचला सून दारात आली तेव्हा उरलेली दोन विसरले. ती हातातली पेटी खाली ठेवते न ठेवते तोच ते म्हणाले, "फिल्टर ओला बसवला, मशीन जळलं आणि बेल्ट कापला. मीच."

सुनेने जमिनीवरचं वर्तमानपत्र, उताणं मशीन आणि चार वाट्या पाहिल्या. ओठ आवळून ती हसू दाबत होती की राग, हे आप्पांना कळेना.

"स्क्रू वाट्यांत कुणी ठेवले?"

"कोणता कुठला ते कळावं म्हणून."

"आमच्याकडे नवीन मुली येतात ना, त्यांना हे शिकवायला दोन महिने लागतात," ती म्हणाली आणि बूट काढून त्यांच्या शेजारी फतकल मारून बसली. "बंद कधी पडलं?"

"साडेदहाला."

तिने प्लग लावला, उघड्या मशीनपासून दोघांचे हात लांब आहेत ना ते पाहिलं आणि बटण दाबलं. मोटर गुणगुणायला लागली. आप्पांचा जीव भांड्यात पडला.

"जळलं नाही. फार तापलं की ते स्वतःच बंद होतं, गार झालं की उठतं. ओल्या फिल्टरमधून वारा जाईना म्हणून तापलं." तिने प्लग पुन्हा काढला. "फिल्टर उद्यापर्यंत वाळू दे. एक जादाचा आहे, तो घालू आज."

मग तिने पेटीतून नवा बेल्ट काढला. "कालच बसवणार होते. फळीच्या नादात राहून गेलं."

"दुकानात कळलं मला," आप्पा म्हणाले. थोडं थांबून त्यांनी मनातलं बोलून टाकलं, "मला वाटत होतं, मीच म्हातारा होत चाललोय."

"म्हातारे झालात तर सांगेन की तुम्हाला. बेल्ट घसरत होता, तुम्ही नाही." आणि मग तीही जरा घुटमळली. "मी आधीच सांगायला हवं होतं. पण वाटलं, तुमच्या कामात मी नाक खुपसते असं होईल."

"खुपस की!" आप्पा म्हणाले. इतक्या जोरात, की दोघंही दचकले.

बेल्ट बसवताना तिने रोलर त्यांच्या हातात दिला. "धरा घट्ट. मी ताण देते." नवं रबर चांगलंच हट्टी निघालं. दोनदा सटकून त्याने आप्पांच्या बोटांवर फटका मारला. तिने पुस्तिकेतलं चित्र ओझरतं पाहिलं, बेल्टला एक पीळ दिला, तो मोटरच्या दांड्यावरून ओढून रोलरच्या खाचेत घातला आणि सगळं दाबून बसवलं. चारही स्क्रू आपापल्या वाटीतून आपापल्या भोकात गेले. मशीन उभं केलं, सुरू केलं आणि गालिच्यावरची सगळी धूळ फर्रकन दोघांच्या अंगावर उडाली.

"उलटा फिरतोय! का?" सून म्हणाली. तिने मशीन बंद केलं.

आप्पांनी पुस्तिका उचलून तिच्यापुढे धरली. "पान बारा. मजकूर म्हणतो पीळ न देता. चित्र दुसऱ्याच मशीनचं आहे. मी दुपारीच शंका काढून ठेवली होती."

सुनेने ते लाल प्रश्नचिन्ह पाहिलं, मग पुढची-मागची पानं चाळली. सगळीकडे समासात बारीक लाल खुणा. आता मात्र तिला हसू आवरेना. "आप्पा, तुम्ही व्हॅक्युम क्लीनरची प्रुफं तपासलीत?"

"सवय."

"पण बोलला का नाहीत? मी समोर पीळ देत होते."

"वाटलं, तुझ्या कामात कशाला..." आप्पा बोलता बोलता थांबले. सुनेने मान हलवली. तिचे केस धुळीने पांढरे झाले होते, आणि आप्पांचे तर आधीपासूनच होते.

पुन्हा चार वाट्या आल्या. या वेळी झाकण आप्पांनी उघडलं आणि ती नुसती सांगत गेली. मध्येच मुलाचा फोन आला. सुनेने कोपराने बटण दाबून तो स्पीकरवर टाकला.

"काय चाललंय? आप्पांना म्हणावं..."

"आप्पा इथेच आहेत, तूच म्हण. नाहीतर नंतर कर, आमचे हात काळे आहेत."

"आमचे?" पलीकडून आवाज आला.

"पीळ निघाला, चढवू का?" आप्पांनी विचारलं. सून म्हणाली, "चढवा. डावीकडून दाबा." फोनवरचा माणूस बराच वेळ ऐकत होता आणि मग त्याने आपणहूनच फोन ठेवून दिला.

दुसऱ्यांदा ब्रश सुलट फिरला. आप्पांनी दांडा हातात घेतला आणि मशीन जवळजवळ स्वतःच पुढे निघालं. स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत ते एका दमात गेले, एकदाही न टेकता. मग काही कारण नसताना परतही आले. सून हात धुवायचे सोडून दारात उभी राहून बघत होती.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वर्तमानपत्र पसरलं जाऊ लागलं. आप्पा रोलरवरचे केस सोडवायचे, तेही बोथट सुरीने, कात्रीने नव्हे. नळीत काही अडकलंय का, ते उजेडासमोर धरून बघायचे आणि फिल्टर धुतल्याची तारीख पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर टाकायचे. सून शेजारी चहा घेऊन बसायची आणि तिच्या लिफ्टांच्या गोष्टी सांगायची. कोणत्या इमारतीत लिफ्ट कुरकुरते, कुठली म्हातारी बाई दर वेळी तिला बिस्किट देते, असलं सगळं. आप्पांना त्यातलं यंत्र निम्मंच कळायचं, पण त्या म्हाताऱ्या बाईचं पुढे काय झालं ते विचारायला ते विसरायचे नाहीत.

चौथ्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाई आपलं मशीन ओढत वर आल्या. "तुमच्याकडे दुरुस्त करतात म्हणे?"

"डॉक्टर कामावर गेल्यात," आप्पा म्हणाले. "मी कंपाउंडर. काय होतंय त्याला?"

"ओढतच नाही हो काही."

आप्पांनी चष्मा वर सरकवला, मशीन आत घेतलं आणि बाईंना बसायला खुर्ची दिली. मग स्वयंपाकघरातून चार वाट्या आणल्या.