एकोणपन्नास मैल कमी

मी एक जुनी मोजपट्टी आहे, मित्रांनो. विमानाच्या नकाशावर ठेवून अंतर मोजायची, हातभर लांब, पारदर्शक. माझ्या एका कडेवर जमिनीचे मैल आहेत, दुसरीवर सागरी मैल. सागरी मैल जरा मोठा, म्हणून तेच अंतर त्या कडेवर कमी आकड्यात भरतं. कोणती कड कशाची, ते टोकाशी छापलेलं होतं.

कॅनडाच्या उत्तरेत, यलोनाइफच्या तळ्याकाठी एका लहानशा विमान कंपनीत वैमानिक रॉस लॅफर्टीने मला बावीस वर्षं वापरलं. त्याच्याच अंगठ्याने ती अक्षरं झिजली, तरी कोणती कड कुठली हे तो सवयीने ओळखायचा. कचेरी सांभाळणारी फ्लॉरेन्स नवी पट्टी घे म्हणून त्याच्या मागे लागायची.

"माझ्या लग्नापेक्षा जास्त टिकलीय ती," रॉस म्हणायचा. मला केवढा अभिमान वाटायचा!

मार्चमधल्या एका सकाळी लीना अयालिक दहा दिवसांच्या मुलीला घेऊन आली. बाळंतपण इथल्या इस्पितळात झालं होतं, घर उत्तरेला, कॉपरमाइनला. रॉस तिकडे कधी गेला नव्हता. त्याने मला कागदांखालून घाईत ओढलं आणि उलट्या बाजूने नकाशावर ठेवलं. तीनशे बावीस. विमानाचा वेग जमिनीच्या मैलांत, ताशी एकशेवीस; म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. त्याने तीन तासांचं इंधन भरलं.

तो आकडा सागरी मैलांचा आहे, हे मला कळलं होतं. पण पट्टीला तोंड कुठे असतं?

वारा समोरून होता. दोन तास चाळीस मिनिटं झाली तरी खाली नुसता पांढरा बर्फ. खिडकीला कपाळ टेकून लीना म्हणाली, "अजून आमची नदीसुद्धा आली नाही."

रॉसने मला नकाशावर पुन्हा ठेवलं. आधी एका कडेने, मग दुसरीने. तीनशे एकाहत्तर. माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त असं उतरताना मी कधी पाहिलं नव्हतं.

इंधन संपण्याआधी त्याने एका गोठलेल्या तळ्यावर विमान उतरवलं, रेडिओवरून गावाला ठिकाण कळवलं. इंजिन थांबलं.

"मी चुकीची कड वाचली," रॉस म्हणाला. "एकोणपन्नास मैल कमी मोजले."

लीनाने बाळाला कोटाच्या आत, अंगाशी घेतलं. "मला विचारायचं होतंत," ती म्हणाली. "या वाटेने मी तिसऱ्यांदा जातेय. बरं, आता विमानातली ती शेगडी पेटवा."

चार तासांनी, उन्हं उतरायच्या आत, तिचा नवरा जोसेफ आणि दीर बर्फावरच्या गाड्या घेऊन पोचले. जोसेफने आधी कोटात हात घालून लेकीचा श्वास पाहिला. मग रॉसने मला त्याच्यापुढे धरलं आणि घडलं ते सगळं सांगितलं. जोसेफने मला उलटून पालटून बघितलं.

"कोणती कड कशाची, ते तर यावर लिहिलेलंच नाही," तो म्हणाला.

त्याने आवाजही चढवला नाही. रॉसने मला परत घेतलं आणि माझ्या झिजलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

त्यानंतर रॉसने मला कधी नकाशावर ठेवलं नाही. मी कचेरीत खिळ्याला टांगलेली आहे. नवे वैमानिक येतात, विचारतात, फ्लॉरेन्स त्यांना सांगते. बावीस वर्षांचं कौतुक आता मला टोचतं.

मित्रांनो, ज्या वस्तूवर तुम्ही डोळे मिटून विश्वास ठेवता, तिच्याकडे अधूनमधून डोळे उघडून बघा. त्या दिवशी मी खोटं बोलले नव्हते. खरं सांगायला माझ्याजवळ अक्षरंच उरली नव्हती.