उत्तरेकडे तोंड करून बसलेली बरणी

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. काचेची, लोणच्याची. पण मला नुसती बरणी म्हणून हाक मारलीत तर मी ओ देणार नाही. माझ्या पोटात आज कैरीची फोड नाही. रेशमाच्या धाग्याला टांगलेलं चुंबक आहे आणि त्याला चिकटवलेला नखाएवढा आरसा. मी चुंबकमापी आहे. परळला भोईवाड्याच्या चाळीत, रमाबाईंच्या खोलीत माझं आसन आहे.

मला घडवलं रमाबाईंच्या आकांक्षाने. पोरगी शिकलेली. अंटार्क्टिकावर, बर्फाच्या मुलखात वर्षभर राहून पृथ्वीचं चुंबकत्व मोजायची नोकरी तिला लागली. चाळ पेढे खात होती आणि रमाबाई भांडी आपटत होत्या. "तिकडे तू, इकडे मी. मध्ये काय, नुसतं पाणी?"

तेव्हा आकांक्षाने मला माळ्यावरून उतरवलं. "आई, सूर्यावर भडका उडाला की त्याचं वादळ सगळ्या पृथ्वीवर एकदमच आदळतं. तिकडे माझं यंत्र हलेल, त्याच वेळी इथे हिचं चुंबक हलेल. ते बघ. मला बघितल्यासारखंच."

आता माझं काम ऐका. माझं चुंबक कायम उत्तरेकडे बघतं. लाल दिव्याचा बारीक किरण आरशावर पडतो आणि समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटतो. चुंबक केसभर वळलं तरी ठिपका बोटभर सरकतो. पण सरकला म्हणजे किती जोराने, ते कसं कळणार? तराजू खरा की खोटा हे ठाऊक असलेलं वजन ठेवून बघतात, तसं मलाही तपासायचं होतं. आकांक्षाने माझ्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे घातले. त्यातून ठरलेली वीज सोडली की चुंबकाला ठरलेला ओढा बसतो. रमाबाईंनी माझ्याजवळ उभं राहून बटण दाबायचं, आकांक्षाने भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची.

खुणा जुळेनात. एक इथे, दुसरी वीतभर पलीकडे. आकांक्षाने लोखंडी कपाट बाहेर ओढलं, पंखा बंद केला, रस्त्यावरच्या बसला शिव्या दिल्या.

"बरणीत खोट नाही हां," रमाबाई म्हणाल्या. "माझं लोणचं हिने कधी नासवलं नाही."

बोलून त्या भात उतरवायला गेल्या. आकांक्षाने एकटीनेच बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि खुणा एकावर एक बसल्या.

"आई, तुझ्यात लोखंड आहे."

"आहेच. म्हणून हे घर उभं आहे."

"हात दाखव गो."

बांगड्यांना सेफ्टी पिनांचा घोस! पदराची एक, नाडी ओवायची एक, शेजारणीचा हुक तुटला तर एक, आणि बाकीच्या असाव्यात म्हणून. हात जवळ आला की माझं चुंबक पिनांकडे मान वळवायचं. रमाबाईंनी सगळ्या काढून लांब खिडकीत ठेवल्या आणि मला म्हणाल्या, "एवढीशी तू, आणि नखरे बघा!" मी मनावर घेतलं नाही. त्या दिवशी माझं माप लागलं. ठिपका एक बोट सरकला म्हणजे शंभर नॅनोटेस्ला. फार हलका ओढा, मित्रांनो. पृथ्वी मला ज्या जोराने धरते, त्याचा तीन-चारशेवा भाग.

आकांक्षा गेली. सुरुवातीला चाळीतले सगळे मला बघायला आले, वा वा करून गेले. मग कुणी फिरकेना. माझ्या झाकणावर धूळ बसली, कुणीतरी वर रद्दीही ठेवून गेलं. रमाबाई मात्र दुपारी पडदा ओढून भिंतीसमोर बसायच्या. ठिपका जागचा हलत नसे. एकदा चिडून म्हणाल्या, "पोर गेली दक्षिणेला आणि ही मेली उत्तरेला बघत बसलीय."

चुंबकाला दोन टोकं असतात, मित्रांनो. एक उत्तरेला बघतं तेव्हा दुसरं दक्षिणेलाच बघत असतं. त्याची चौकशी कुणी करत नाही.

मग एके दिवशी आकांक्षाचा निरोप आला. भडका उडालाय, उद्या वादळ पोचेल. दुसऱ्या दिवशी रमाबाईंनी सकाळपासून खोलीत कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. शेजारचा व्हिन्सेंट हत्यारांची पेटी घेऊन दारावरून चालला होता, त्यालाही अडवलं.

"व्हिन्सेंट, ते लोखंड घेऊन लांबून जा."

"का हो मावशी?"

"माझी पोरगी येणार आहे."

"अंटार्क्टिकावरून? आज?"

"भिंतीवर. जा तू."

दुपारी ठिपका थरथरला. थांबला. मग हळूहळू सरकायला लागला. रमाबाईंनी जुन्या खुणेशी बोट टेकवलं. ठिपका बोट ओलांडून पुढे गेला. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, हललं! इथे सगळं वेड्यासारखं नाचतंय!"

"ठाऊक आहे," रमाबाई म्हणाल्या. "मी बघतेय ना."

मग त्या ठिपक्याच्या मागोमाग बोट सरकवत राहिल्या. फोन दोघींपैकी कुणी ठेवला नाही.

मित्रांनो, माझ्यावर रद्दी टाकू नका, मला अधूनमधून पुसा, हे तर मी सांगणारच. पण तुमच्यातलं कुणी उद्या लांब गेलं तर एवढं ऐका. तिकडे काही हललं की त्याच घडीला घरी कळवा. सवडीने सांगितलेलंही आम्हाला कळतं. पण तोवर ठिपका आपल्या जागी परत आलेला असतो.